मोजणी

पहाटे साडेपाचला, गंगापूर रोडच्या थंडीत,
गाडीचं दार उघडलं की आधी तो चढतो
आणि मग आम्हाला आत घेतो एकेक करून,
हातावर ओल्या नाकाचा शिक्का मारत.

मुनीम.
नाव भामऱ्यांनी ठेवलं.
नोट प्रेसात एकतीस वर्षं मोजणीत काढलेला माणूस,
म्हणाले, याचा आकडा चुकायचा नाही.

आंबोली मागं पडते. हेदपाड्याला डांबर संपतं.
शेळ्या दिसतात तोवर दोरी हातात,
हा पाड्याचा नियम, म्हणून आमचाही.
हौसाबाई बेंडकुळे शेणाचे हात झटकत सांगतात,
‘नाळीच्या वर सोडू नका त्याला.
परवा येऊन गेला.’
कोण, ते त्या म्हणत नाहीत.
आम्ही विचारत नाही.
त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात पत्र्याचा पट्टा,
बाहेर टोकं काढलेले खिळे,
आणि एक कान अर्धाच.
त्याच्यासमोर मुनीम शेपूट खाली घालतो,
शहरातून आलेल्यानं नजर घालावी तशी.

मग रान.
मार्गशीर्षातला साग, पापडासारखी पानं,
दोन पायांखाली वेगळी वाजतात, चार पायांखाली वेगळी.
दोरी सुटते. तो करवंदीच्या जाळीआड जातो,
वानरांना दोन शब्द ऐकवतो,
परत येतो, माझ्या पोटरीला नाक लावतो,
मग रूथच्या, मग इनामदार सरांच्या,
मग खैरनारांच्या, जे दर वळणावर फोटो काढतात,
आणि सगळ्यात मागं भामऱ्यांच्या.
पाच. जमा.
पुन्हा पुढं.
आमचा डोंगर सहा किलोमीटरचा,
त्याचा अठरा तरी भरत असेल.

माथा आम्ही पाहिलेला नाही.
कड्यात लोखंडी गज ठोकलेत, ते त्याला चढता येत नाहीत.
पहिल्या वर्षी वाटायचं, एकानं खाली थांबावं, बाकीच्यांनी जाऊन यावं.
थांबणारा कोण, यावरून वाद व्हायचा.
मग गजाखालीच डबे उघडायला लागलो.
वरून धरणाचं पाणी दिसतं म्हणे.
असेल.

दिवाळीनंतर भामरे चढत नाहीत.
छातीत दोन स्प्रिंगा बसल्या,
डॉक्टरांनी सपाटी लिहून दिली.
तरी गाडीत येतात. हातपंपाजवळ हौसाबाईंच्या बाजेवर
पेपर वाचतात, कोरा चहा पितात.

त्या पहिल्या रविवारी नाळीच्या तोंडाशी, उंबराखाली,
मुनीम मोजत आला.
चार.
परत मोजले. माझ्यापासून नाही, खैरनारांपासून,
म्हणजे कुठं चूक झाली ते कळावं.
चार.
आणि पळाला खाली.

शिट्ट्या घातल्या. रूथनं हाका मारल्या.
मग आम्ही बसून राहिलो उंबराच्या मुळांवर,
कुणीच ‘परवा’ हा शब्द न काढता.
पाऊण तासानं पानं वाजली, चार पायांची.
जीभ बाहेर, मिशीला ग्लुकोज बिस्किटाचा चुरा.
बसला. हिशोब लागला होता.

तेव्हापासून दर रविवारी असंच.
शेळ्यांमधून जातो पण बघत नाही म्हणे त्यांच्याकडं,
हौसाबाई कौतुकानं सांगतात, सरकारी माणूस आलाय जसा.
आम्ही उंबराखाली थांबतो.
हल्ली डबे तिथंच उघडतात. गजही मागं पडले.

काल त्यानं चार मोजले.
खाली पाहिलं.
नववं सरतंय त्याला, भुवया पांढऱ्या झाल्यात.
माझ्या बुटावर हनुवटी टेकली
आणि तिथूनच बघत राहिला, उताराकडं.
‘दमला,’ खैरनार म्हणाले.
इनामदार सर कधीचे गुडघा चोळत होते.
रूथनं डब्याचं झाकण लावलं.
कुणी काही ठरवलं नाही.

‘आज लवकर?’ भामरे म्हणाले, पेपर न खाली करता.
आम्ही बाजेवर, दगडावर, जिथं जागा मिळाली तिथं टेकलो.
हौसाबाईंनी चुलीत लाकूड सारलं.
मुनीम बाजेखाली शिरला.
तिथून त्याला फक्त पाय दिसत असणार.
भामऱ्यांच्या चपलांपासून सुरू केलं त्यानं.
दहा भरले,
मग झोपला.